लहान मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र: अंगणवाडीतील तपासणीपासून यूडीआयडी कार्डापर्यंत

दोन वर्षांचे मूल हाकेला वळून पाहत नाही किंवा अठरा महिने उलटूनही पाऊल टाकत नाही, तेव्हा घरातली वडीलधारी माणसे बहुधा ‘त्याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते’ असे सांगून धीर देतात. हा धीर मायेपोटी दिलेला असला, तरी त्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होण्याचा काळ हातचा जातो. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे: तपासणी आणि उपचार सुरू करण्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची अट नाही. प्रमाणपत्र सवलतींसाठी लागते, थेरपी सुरू करण्यासाठी नाही.

पहिली पायरी गावातल्या अंगणवाडीतच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या राज्यातच, पालघर येथे झाला. या कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. जन्मजात दोष, जीवनसत्त्वांची व इतर कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब या चारही अंगांनी ही तपासणी होते. पुढील तपासणीची गरज असलेल्या बालकाला संदर्भ चिठ्ठी देऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे (विकासातील अडचणींवर लहान वयातच तपासणी व उपचार करणारे केंद्र), म्हणजेच बोलण्यात रूढ झालेल्या ‘डीईआयसी’कडे, पाठवले जाते. पथक येण्याच्या दिवशी मूल घरी राहिले तर ही संधी पुढच्या फेरीपर्यंत हुकते, त्यामुळे सेविकेकडून तारीख आधीच विचारून ठेवावी. शंका दाट असल्यास फेरीची वाट न पाहता आशा स्वयंसेविकेशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलावे. मुंबई परिसरातील पालकांना वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेतील शीघ्र हस्तक्षेप केंद्राचाही पर्याय आहे.

सेविकांसाठीही आता लेखी मार्गदर्शन उपलब्ध आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला असून लवकर ओळख, अंगणवाडीत सामावून घेणे आणि योग्य ठिकाणी संदर्भित करणे अशी कामाची दिशा त्यात आखून दिली आहे. यातील मधला टप्पा माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे, कारण निदान झाले की मुलाला अंगणवाडीतून काढून घरी बसवण्याची चूक अनेक पालक करतात. वास्तविक इतर मुलांसोबत बसणे, गाणी म्हणणे, खाऊ खाणे हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे विशिष्ट ओळखपत्र, यालाच स्वावलंबन कार्डही म्हणतात) यांसाठीचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या शासकीय संकेतस्थळावर करावा लागतो. जून २०२१ पासून प्रमाणपत्रे याच प्रणालीतून देणे बंधनकारक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट २१ प्रकारांपैकी कोणतेही दिव्यांगत्व असलेल्या बालकाच्या वतीने आई, वडील किंवा पालक अर्ज करू शकतात. बालकाचे आधार कार्ड, छायाचित्र, रहिवासाचा पुरावा आणि पालकाचा मोबाइल क्रमांक हाताशी ठेवावा. अर्जात आपल्या जिल्ह्यातील अधिसूचित रुग्णालय निवडावे. अर्जातील नाव व जन्मतारीख आधार कार्डावरील नोंदीशी तंतोतंत जुळत आहे, याची खात्री करूनच अर्ज पाठवावा, कारण पुढची दुरुस्ती वेळखाऊ असते. कार्डासाठी शुल्क आकारले जात नाही.

तपासणीच्या दिवशी मुलासोबत डीईआयसीचे अहवाल, प्रसूतीच्या वेळचे कागद आणि आधी झालेल्या चाचण्या, उदाहरणार्थ ऐकण्याची ‘बेरा’ चाचणी, यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स न्याव्यात. मूल झोपेचे किंवा भुकेले असेल तर त्याचे खरे चित्र डॉक्टरांसमोर येत नाही. मूल घरी कसे वागते, याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर ठेवल्यास सांगणे सोपे जाते.

वयाची अट येथे नीट समजून घ्यावी. पाच वर्षांखालील बालकाला बौद्धिक दिव्यांगत्व असे निदान न देता ‘व्यापक विकासात्मक विलंब’ असे नोंदवले जाते आणि प्रमाणपत्र तात्पुरते असते, कारण या वयात मुलात सुधारणा होण्यास मोठा वाव असतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे (वाचन, लेखन किंवा गणितातील कायमच्या अडचणीचे) प्रमाणपत्र तर आठव्या वर्षाआधी मिळतच नाही. त्यामुळे बालवाडीतील मूल अक्षरे उलटी काढते म्हणून प्रमाणपत्रासाठी धावाधाव करू नये. शिक्षकांनी निरीक्षणे तारखेसह वहीत नोंदवून ठेवावीत, पुढे त्यांचा मोठा उपयोग होतो.

कार्डाचा रंग दिव्यांगत्वाची टक्केवारी दर्शवतो: ४० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पांढरा, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळा, तर ८० किंवा त्याहून अधिक असल्यास निळा. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. अधिनियमाच्या कलम ३१ नुसार अशा बालकाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. खासगी शाळांतील शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांसाठी दिव्यांग बालकाच्या पालकांना उत्पन्नाचा दाखला द्यावा लागत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते आणि ते विनाकारण तहसील कार्यालयात खेटे घालतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असल्यास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते; त्यासाठी विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि नोंदणी न्यासाशी संलग्न संस्थेमार्फत होते.

टक्केवारी किंवा निदान मान्य नसल्यास कलम ५९ नुसार अपील करता येते. तात्पुरत्या प्रमाणपत्रावरील मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावी आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी दोन-तीन महिने करावा. मूल पाच वर्षांचे झाल्यावर आधारमधील बोटांचे ठसे व डोळ्यांची नोंदही अद्ययावत करावी लागते. ते काम नूतनीकरणाच्या आधीच उरकून घ्यावे.