गिटारच्या सॅडलची मापं कुठून आली

इलेक्ट्रिक गिटारचे सॅडल, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या ब्रिजवर बसणारे, तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे, बदलायचे म्हटलं की पहिला प्रश्न धातूचा निघतो. पितळ घेऊ की स्टील? टायटॅनियमने खरंच आवाज बदलतो का? नाशिकच्या कॉलेज रोडवर चहाच्या टपरीशी यावर तासभर वाद रंगतो, शेवटी कोणीतरी मोबाइलवरून सहा सॅडलचा सेट मागवून मोकळा होतो. पाकीट येतं, जुने सॅडल निघतात आणि नवे ब्रिजच्या प्लेटवर मावत नाहीत. पाच बसतात, सहावा कडेला अर्धा लटकतो. धातू हवा तोच आलेला असतो, चुकलेलं असतं ते माप. आणि एवढ्याशा तुकड्याची इतकी वेगवेगळी मापं बाजारात का, हे समजायला पंचाहत्तर वर्षं मागे जावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याची १९५०ची ब्रॉडकास्टर, जी १९५१पासून टेलिकास्टर झाली, ती मुळात लवकर बनावी आणि सहज दुरुस्त व्हावी अशा हिशेबाने आखलेली होती. सहा तारांना सॅडल तीनच. पितळी सळईचे तीन तुकडे, प्रत्येकावर दोन तारा, दोन्ही टोकांना उंचीचे स्क्रू आणि मध्ये मागेपुढे सरकवायला एक. १९५४च्या सुमारास पितळ जाऊन स्टील आलं. पुढे स्टीलवर स्क्रूसारखे आटे आले.

तीन सॅडलमध्ये एक तडजोड होती. सॅडलचं काम नुसती तार उचलून धरायचं नाही, तारेची वाजणारी लांबी ठरवायचंही आहे. फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीवर, दाबली की तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो. शिवाय जाड, ताठ तार बारीक तारेपेक्षा जास्त चढते. म्हणून प्रत्येक तारेला लांबीत थोडी भर द्यावी लागते आणि ती प्रत्येकीला वेगळी लागते. बाराव्या फ्रेटवरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो का, हे ट्यूनरवर पाहून सॅडल सरकवायचा. एका सॅडलवर दोन तारा असल्या की एकीचं ऐकावं तर दुसरी रुसते.

तरी पन्नाशीच्या दशकात हे चालून गेलं, कारण तेव्हा तिसरी तारही वाउंड असायची, म्हणजे बारीक गाभ्यावर दुसरी तार गुंडाळलेली. चौथी आणि तिसरी एकाच सॅडलवर बऱ्यापैकी नांदायच्या. पुढे वादकांना तारा वाकवून वाजवायच्या होत्या, जाड तारा बोटांना झेपेनात. काही जण पहिल्या तारेच्या जागी बॅन्जोची तार लावायचे. १९६२मध्ये अर्नी बॉलने हलक्या तारांचे सेट विकायला सुरुवात केली आणि हळूहळू तिसरी तार प्लेन, म्हणजे बिनगुंडाळीची, झाली. प्लेन तारेचा सगळा गाभा ताठ, त्यामुळे तिला वाउंड तारेपेक्षा बरीच जास्त भर लागते. झालं, टेलिकास्टरच्या मधल्या सॅडलवर भांडण लागलं. आज ‘कॉम्पेन्सेटेड’ नावाने मिळणारे तिरके किंवा पायरी कापलेले तीन पितळी सॅडल हे त्याच भांडणावरचं औषध आहे. जुन्या घाटाच्या टेलिकास्टरला सॅडल घ्यायचे असतील तर माझं मत सरळ आहे: तीनच ठेवा, पण कॉम्पेन्सेटेड घ्या. सहा सॅडलवाला ब्रिज बसवला की तक्रार मिटते, पण गिटारचा स्वभावही थोडा बदलतो.

फेंडरने स्वतःही १९५४च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये उत्तर दिलंच होतं. प्रत्येक तारेला वाकवलेल्या स्टीलच्या पत्र्याचा स्वतंत्र सॅडल, त्याची उंची वेगळी, लांबी वेगळी. ब्रिजचं पेटंट एप्रिल १९५६मध्ये मिळालं. त्याआधीपासूनच्या सॅडलवर ‘पेटंट पेंडिंग’चा ठसा असतो. पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर होतं २ ७/३२ इंच, म्हणजे ५६.४ मिमी. जानेवारी १९६५मध्ये कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे गेली आणि सत्तरच्या दशकात पत्र्याच्या जागी ओतीव सॅडल आले. १९८५मध्ये कंपनी पुन्हा हात बदलून गेली. त्यानंतरच्या अमेरिकन स्टँडर्ड मॉडेलवर नवा, दोन खिळ्यांवर झुलणारा ब्रिज आला आणि तारांमधलं एकूण अंतर २ १/१६ इंचांवर, म्हणजे ५२.४ मिमीवर आलं. बाहेरच्या दोन तारा फ्रेटच्या कडेवरून घसरू नयेत हा त्याचा फायदा.

पाकीट उघडल्यावरची फजिती होते ती या चार मिलिमीटरमुळे. जुन्या अंतराच्या सॅडलची रुंदी साधारण ११.३ मिमी, अरुंद अंतराच्याची १०.५. पाऊण मिलिमीटर नजरेला कळत नाही, पण सहा सॅडल शेजारी लावले की कळतो. त्यात आशियात बनणाऱ्या गिटारींची भर. तिथे मेट्रिक आटे आले. अमेरिकन सॅडलच्या उंचीच्या स्क्रूला ०.०५० इंचाची, म्हणजे १.२७ मिमीची अ‍ॅलन की लागते; बहुतेक आशियाई सॅडलना १.५ची. धाकटी की मोठ्या खाचेत गरगर फिरते आणि जोर लावला तर षट्कोन गोल करून टाकते. त्यात आपल्याकडचा पावसाळा. जुलै-ऑगस्टची ओल आणि तळहाताचा घाम यांनी हे बारके स्क्रू असे गंजतात की सॅडल बदलायचं खरं कारण बऱ्याचदा तेवढंच असतं. स्क्रू तेवढे स्टेनलेसचे घेतले तरी काम भागतं. ते कुणी सुचवत नाही, कारण त्यात दुकानदाराला काही सुटत नाही.

गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन गिटार कंपनीची वाट वेगळी. तिचा अध्यक्ष टेड मॅकार्टी याच्या काळात तयार झालेला ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज १९५४च्या लेस पॉल कस्टमवर आला, पुढच्या वर्षी सोनेरी रंगाच्या ‘गोल्डटॉप’ लेस पॉलवर. इथे सहाही सॅडल एकाच आडव्या चौकटीत बसतात. लांबी प्रत्येकाची वेगळी करता येते, उंची मात्र सगळ्या ब्रिजची एकदमच, दोन टोकांच्या चकत्यांनी. त्यात एक गमतीदार खोट होती: तार तुटली की सॅडल सुटून पडायचा. कार्यक्रम चालू असताना स्टेजवर वाटाण्याएवढा तुकडा कोण शोधणार? साठच्या दशकाच्या सुरुवातीला सॅडल सरकवणाऱ्या स्क्रूंवरून एक बारीक तार आडवी नेऊन त्यांना अडकवून ठेवलं. सत्तरच्या दशकात रुंद चौकटीचा ‘नॅशव्हिल’ प्रकार आला. त्यात सॅडलला सरकायला जास्त जागा मिळाली, म्हणजे प्लेन तिसऱ्या तारेची सोय झाली. या दोन प्रकारांचे सॅडल एकमेकांत बसत नाहीत. शिवाय नवे सॅडल अनेकदा खाच न कापताच येतात. खाच कापायची ती तारेच्या जाडीची आणि पिकअपच्या, म्हणजे तारेचा सूर टिपणाऱ्या चुंबकाच्या, बाजूला टोकदार सुटणारी. सपाट, रुंद खाच ठेवली तर तार तिच्यात झणझणते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जी झणझण मुद्दाम जन्माला घालतात, ती जवारी. गिटारला ती नको असते.

धातूचा वाद तसा जुनाच. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जड पितळी ब्रिजची लाट येऊन गेली. १९८३मध्ये कॅनडात ग्राफ टेक कंपनी सुरू झाली आणि तिने टेफ्लॉन मुरवलेले काळे सॅडल आणले. तार ज्या जागी सारखी घासते तिथेच तुटते, म्हणून घर्षण कमी करायचं, असा त्यामागचा साधा विचार. हा फायदा हातात जाणवतो. पितळाने आवाज ‘उबदार’ होतो की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण पितळ मऊ असतं, तार त्यात स्वतःची खाच पाडते आणि धातूवर तीक्ष्ण कड राहत नाही, एवढं खरं.

आपल्याकडे हे सुटे भाग फार उशिरा आले. १९९१पूर्वी आयातीवर निर्बंध होते. कोलकात्यात बनलेल्या गिवसन किंवा हॉबनर गिटारवर बहुतेकांचा हात बसला आणि सॅडल झिजला तर तोच कानशीने घासून पुन्हा लावायचा. नाशिकला मात्र एक सोय तेव्हाही होती, आजही आहे. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीमुळे इथे दर तिसऱ्या घरात व्हर्नियर सापडतो आणि लेथवाला ओळखीचा निघतो. टेलिकास्टरचे तीन सॅडल म्हणजे ८ मिमीच्या पितळी सळईचे तुकडे; टर्नरला ते किरकोळ काम. फक्त भांडी बाजारातलं पितळ त्याला देऊ नका. ठोकून आकार घेणारा तो पत्रा. लेथवर फ्री कटिंग सळई लागते. तिच्यात थोडं शिसं असतं, त्यामुळे कीस तुटून पडतो आणि आटे स्वच्छ निघतात. टर्नरला तीन गोष्टी लिहून द्या: प्लेटच्या आतल्या भिंतींमधलं अंतर, उंचीच्या स्क्रूचा आटा, आणि मधल्या स्क्रूचं भोक किती तिरकं. हे भोक थोडं सैल आणि तिरकं पाडलं की सॅडल ब्रिजवर तिरका बसतो आणि चौथी-तिसरीचं भांडण तिथेच मिटतं. प्लेटिंग करू नका. पितळ काळवंडलं तरी सुराला काही होत नाही.