क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन उभारणे

व्हर्च्युअल मशीन, रोजच्या बोलण्यातले ‘व्हीएम’, म्हणजे एका मोठ्या प्रत्यक्ष संगणकाचा प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांतून सॉफ्टवेअरने वेगळा काढलेला हिस्सा. त्यावर स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम चालते आणि तिच्या दृष्टीने तो एक पूर्ण संगणकच असतो. वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात. अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट अझ्युर, गुगल क्लाउड यांसारख्या कंपन्या असे हिस्से इंटरनेटवरून भाड्याने देतात; यालाच क्लाउड म्हणतात. कोणी त्याला इन्स्टन्स म्हणतात, कोणी व्हीएम, तर बहुतेक जण नुसते ‘सर्व्हर’ म्हणून मोकळे होतात. बटण दाबल्यापासून मशीन सुरू व्हायला सहसा मिनिटभर पुरते. वेळ जातो तो त्याआधीच्या निवडींत आणि पैसे जातात ते नंतरच्या विसराळूपणात. या नोंदीत मुख्यतः अ‍ॅमेझॉनच्या ईसी-टू सेवेचे उदाहरण घेतले आहे. इतरत्र नावे बदलतात, टप्पे साधारण हेच राहतात.

पार्श्वभूमी

कल्पना क्लाउडपेक्षा बरीच जुनी आहे. आयबीएमच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६०च्या दशकाच्या मध्यात सीपी-४० ही प्रणाली तयार झाली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर झाली. एकाच मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या सामायिक संगणकावर, अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक मिळू लागला. साध्या पीसीतल्या एक्स८६ प्रोसेसरवर मात्र हे अवघड होते, कारण त्याच्या काही सूचना हायपरवायझरला पत्ता न लागू देता परस्पर चालून जात. व्हीएमवेअरने १९९९ मध्ये त्यावर सॉफ्टवेअरची तोड काढली, इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन हा हायपरवायझर पुढे आला आणि २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच ही सोय दिली.

ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने ईसी-टू चाचणी स्वरूपात खुली केली. तिचे बरेचसे काम दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनमध्ये झाले होते. सुरुवातीला मशीनचा एकच आकार मिळे आणि भाडे तासाला १० सेंट होते. मशीन संपवले की आतली सगळी माहितीही जाई; वेगळी, टिकाऊ डिस्क दोन वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये आली. पाच मिनिटे वापरले तरी पूर्ण तासाचे पैसे पडत. लिनक्स मशीनसाठी सेकंदावर आकारणी ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली, त्यातही किमान ६० सेकंदांचे पैसे द्यावेच लागतात.

ठिकाणाची निवड

पहिला प्रश्न मशीन कुठे उभे करायचे हा. कंपन्यांची डेटा सेंटर ‘रीजन’मध्ये विभागलेली असतात आणि एका रीजनमध्ये सहसा एकमेकांपासून वेगळे ठेवलेले काही झोन असतात, म्हणजे एका झोनची वीज गेली तरी दुसरा चालू राहावा. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात तीन रीजन सुरू केले. त्यांतले ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजे पुणे आणि ‘वेस्ट इंडिया’ म्हणजे मुंबई. अ‍ॅमेझॉनचे मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आले, गुगलचे २०१७ मध्ये. अ‍ॅमेझॉनने २०२२ मध्ये हैदराबादलाही रीजन काढले.

वापरणारे महाराष्ट्रात असतील तर मुंबई किंवा पुणे निवडण्यात शहाणपण आहे. मुंबईहून अमेरिकेतील व्हर्जिनियापर्यंत जाऊन-येऊन सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. एका पानासाठी अशा वीस फेऱ्या पडल्या तर पान उघडताना चक्क रेंगाळते. मात्र तोच आकार दोन रीजनमध्ये वेगळ्या भावाने मिळतो आणि नवे आकार सगळीकडे एकदम येत नाहीत. काही वेळा निवड कायदाच करतो. पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी, असे रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बंधनकारक केले, त्यामुळे त्या क्षेत्रातल्या कंपन्यांना परदेशी रीजनचा विचारच करता येत नाही.

इमेज आणि आकार

ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रत म्हणजे इमेज. उबंटू, डेबियन यांच्या इमेजला वेगळे पैसे पडत नाहीत. विंडोजचे परवानाशुल्क तासाच्या भाड्यातच मिसळलेले असते. इमेज निवडताना प्रोसेसरचा प्रकारही पाहावा लागतो. अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन चिप आर्म पद्धतीच्या आहेत, त्यामुळे एक्स८६साठी बांधलेले सॉफ्टवेअर त्यांवर तसेच चालत नाही.

आकाराच्या बाबतीत स्वस्त ‘टी’ मालिका नीट समजून घ्यायला हवी. टी-टू मायक्रो या आकारात एक प्रोसेसर आणि १ जीबी मेमरी मिळते, पण तो प्रोसेसर पूर्ण वेळ आपला नसतो. तासाला ६ ‘क्रेडिट’ जमा होतात आणि एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण ताकद. तासातली ६ मिनिटे, म्हणजे सरासरी १० टक्के. साठलेली क्रेडिट संपली की मशीन त्या १० टक्क्यांवर येते. सकाळी छान चाललेली वेबसाइट दुपारी ढिम्म होते आणि लोक कोडमध्ये चूक शोधत बसतात. पुढच्या टी-थ्री मालिकेत मूळ सेटिंग उलटे आहे: क्रेडिट संपले तरी वेग टिकतो आणि जादा वापराचे पैसे बिलात येतात. पहिल्यात वेगाला फटका, दुसऱ्यात खिशाला.

डिस्क सुरुवातीला बेताची घ्यावी. चालू मशीनची डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. वाढवल्यावर आतली फाइल सिस्टिमही ताणावी लागते, हे विसरले तर नवी जागा दिसतच नाही.

किल्ली आणि दरवाजे

लिनक्स मशीनमध्ये शिरायला सहसा पासवर्ड नसतो, किल्ल्यांची जोडी असते. सार्वजनिक किल्ली मशीनवर जाते, खासगी किल्लीची फाइल मालकाकडे राहते. ईसी-टू ही जोडी बनवून देते तेव्हा खासगी फाइल एकदाच उतरवून घेता येते. कंपनी तिची प्रत ठेवत नाही.

ती सार्वजनिक किल्ली मशीनच्या पोटात पोहोचते कशी, हा भाग मोठा मजेशीर आहे. इमेज तर हजारो ग्राहकांना सारखीच मिळते. पहिल्यांदा सुरू होताना तिच्यातला क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्रॅम १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर चौकशी करतो. हा पत्ता इंटरनेटवर कुठेच नाही. हायपरवायझरच्या बाजूने त्याला उत्तर मिळते. मशीनचे नाव काय, कुठली किल्ली बसवायची, मालकाने सुरुवातीला चालवायला एखादी स्क्रिप्ट दिली आहे का, हे सगळे तिथून कळते. आतल्या सॉफ्टवेअरला फसवून हल्लेखोरही याच पत्त्यावरून तात्पुरती अधिकारपत्रे मिळवू शकतात. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आधी टोकन मागून मगच उत्तर देणारी दुसरी आवृत्ती आणली. नव्या मशीनवर तीच सक्तीची करावी.

सिक्युरिटी ग्रुप म्हणजे मशीनबाहेरची फायरवॉल. तिची रीत सोसायटीच्या वॉचमनसारखी: बाहेरून येणाऱ्याचे नाव यादीत हवे, पण आत सोडलेल्या माणसाला परत जाताना कोणी अडवत नाही. म्हणून उत्तरासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही. वेबसाइटसाठी ८० आणि ४४३ ही पोर्ट (मशीनचे क्रमांक दिलेले दरवाजे) सर्वांना खुली ठेवतात. लिनक्सच्या लॉगिनचे २२ आणि विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ फक्त स्वतःच्या आयपी पत्त्याला (इंटरनेटवरच्या आपल्या क्रमांकाला) खुले असावे. ‘०.०.०.०/०’ म्हणजे अख्खे जग. २२ नंबर असा उघडला की काही वेळातच लॉगिनच्या नोंदींत रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट अशा नावांनी ठोठावणे सुरू झालेले दिसते. त्यात वैयक्तिक वैर काही नाही. यंत्रेच यंत्रांचे पत्ते चाळत फिरत असतात.

पहिले लॉगिन

मशीन ‘पेंडिंग’वरून ‘रनिंग’वर आले तरी आतली ऑपरेटिंग सिस्टिम अजून उठत असू शकते, तेव्हा लगेच लॉगिन झाले नाही तर थोडे थांबावे. वापरकर्त्याचे नाव इमेजवर ठरते: उबंटूवर ‘उबंटू’, डेबियनवर ‘अ‍ॅडमिन’, अ‍ॅमेझॉन लिनक्सवर ‘ईसीटू-यूझर’. किल्लीची फाइल इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच, म्हणजे लॉगिनचा प्रोग्रॅम, ती वापरायलाच नकार देतो. परवानगी ४००, म्हणजे फक्त मालकाला वाचण्याची, केली की काम होते.

पुढे जी अडचण येते तिचे निदान संदेशाच्या शब्दांतच असते. ‘टाइम्ड आउट’ आले तर विनंती मशीनपर्यंत पोहोचलीच नाही: सिक्युरिटी ग्रुपने ती गिळली, पत्ता चुकला किंवा नेटवर्कला बाहेरची वाट नाही. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी पत्ता अधूनमधून बदलतो, आणि काल चालणारे लॉगिन आज अडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे विनंती पोहोचली, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सेवा बंद आहे किंवा अजून सुरू व्हायची आहे. ‘परमिशन डिनाइड’ आले तर नेटवर्क ठीक आहे, नाव किंवा किल्ली चुकली. हे तीन संदेश एकच समजून सगळी पोर्ट जगाला खुली करणे हा सर्रास दिसणारा आणि सर्वांत वाईट उपाय.

आत शिरल्यावर आधी अपडेट लावून घ्यावेत. मग घड्याळ पाहावे. मशीनची वेळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री १२ला लावलेले बॅकअपचे काम त्यामुळे आपल्या पहाटे साडेपाचला चालते आणि लॉगमधल्या, म्हणजे मशीनने ठेवलेल्या नोंदींतल्या, वेळा ग्राहकाच्या तक्रारीशी जुळत नाहीत. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ करता येतो. पण अनेक देशांतले सर्व्हर सांभाळणारे लोक मुद्दाम यूटीसीच ठेवतात. लॉग किती काळ ठेवायचे याचा नियमही आहे: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी ते १८० दिवस जपायचे असतात.

बंद करणे, संपवणे आणि बिल

‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ यांत मोठा फरक आहे. स्टॉप केले की प्रोसेसरचे भाडे थांबते, डिस्कचे चालू राहते. पुन्हा सुरू केल्यावर मशीनला सहसा नवा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि जुन्याकडे बोट दाखवणारे डोमेन उघडेनासे होते. पत्ता कायम हवा असेल तर ‘इलॅस्टिक आयपी’ घ्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यासाठी तासाला ०.००५ डॉलर आकारते, पत्ता वापरात असो वा नसो. महिन्याला हे साडेतीन डॉलरच्या थोडे वर जाते. छोट्या मशीनच्या हिशेबात ही रक्कम डोळ्यांत भरण्याइतकी आहे.

अझ्युरमध्ये वेगळीच गोम आहे. आतून विंडोज किंवा लिनक्स बंद केले तर मशीन ‘स्टॉप्ड’ दिसते, पण प्रोसेसर आपल्या नावावरच राखून ठेवलेला असतो आणि भाडे चालू राहते. पोर्टलवरून बंद करून ‘डीअ‍ॅलोकेटेड’ ही स्थिती आली, तरच ते थांबते.

टर्मिनेट केले की मशीन कायमचे जाते. सोबत मूळ डिस्क सहसा पुसली जाते. नंतर जोडलेल्या डिस्क सहसा तशाच राहतात, आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) व इलॅस्टिक आयपीही. या उरलेल्या वस्तूंचे बिल मशीन गेल्यावरही येत राहते. खाते उघडल्याबरोबर बजेटची सूचना लावली तर हा प्रकार लवकर ध्यानात येतो, पण ती सूचना फक्त ईमेल पाठवते, खर्च आपोआप रोखत नाही. ईसी-टूच्या मुख्य यादीत एका वेळी एकाच रीजनमधली मशीन दिसतात. मुंबईची यादी रिकामी असूनही बिल येत असेल तर बिलाच्या पानावर रीजननुसार तपशील उघडावा. सरावासाठी व्हर्जिनियात उभे केलेले मशीन बहुधा तिथे सापडते.