प्रवाळांच्या कपारीतला स्पंज

स्पंज हा प्राणी आहे, हे शाळेत रंध्रीय संघाच्या धड्यात आपण पाठ केलेलं असतं. पण याला ना तोंड, ना पोट, ना चेतापेशी. जागचा हलतही नाही. मग तो दिवसभर करतो काय? एडिनबरोचे प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी १८२५ साली स्पंजाचा छोटा तुकडा समुद्राच्या पाण्यासकट काचेच्या बशीत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गोल छिद्रातून पाण्याची धार सारखी उसळत होती आणि तिच्याबरोबर अपारदर्शक गोळेही बाहेर फेकले जात होते.

हा उपसा स्पंजाच्या आतल्या पोकळ्यांतल्या कॉलर पेशी करतात. प्रत्येकीची कशाभिका, म्हणजे चाबकासारखा बारीक तंतू, अखंड हलत राहते, बारीक रंध्रांतून पाणी आत खेचलं जातं, जीवाणू गाळले जातात आणि उरलेलं पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर पडतं.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. उष्ण कटिबंधातलं प्रवाळांभोवतीचं पाणी नितळ असतं, कारण त्यात पोषकद्रव्यं फार कमी असतात. तरी तिथे जीवसृष्टीची एवढी रेलचेल कशी? प्रवाळ आणि शैवाल बरंच सेंद्रिय द्रव्य पाण्यात सोडतात; पण ते विरघळलेलं असल्याने बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही. डच सागरी जीवशास्त्रज्ञ यास्पर द खूई आणि सहकाऱ्यांनी कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळ कपारीतल्या स्पंजांना कार्बन व नायट्रोजनच्या जड समस्थानिकांची (त्याच मूलद्रव्यांच्या थोड्या जड अणूंची) खूण असलेलं असं विरघळलेलं अन्न दिलं. ती खूण आधी स्पंजात सापडली, मग त्याने टाकलेल्या कणांत, आणि दोन दिवसांच्या आत ते कण खाणाऱ्या प्राण्यांतही. हे संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झालं.

त्यातला हॅलिसार्का सेरुलिया हा कातळावर पातळ थरासारखा पसरणारा स्पंज. त्याच्या कॉलर पेशी पाच-सहा तासांत विभागतात. एवढं खाऊनही तो फारसा वाढत नाही, कारण जुन्या पेशी सतत गळत राहतात. त्याने टाकलेलं हेच गोगलगायी, खेकडे यांच्यासारख्यांचं खाद्य. पुढे नॉर्वेच्या थंड, खोल पाण्यातल्या प्रवाळांपाशीही हेच चक्र आढळलं.

सगळेच स्पंज असे नाहीत, हेही सांगायला हवं. कॅरिबियनमधला माणूस मावेल एवढा बॅरल स्पंजही विरघळलेलं अन्न भरपूर घेतो. पण त्याच्या अभ्यासात असे कण बाहेर टाकले जाताना दिसले नाहीत.