मुखपृष्ठावरची ताई

'सेव्हन्टीन' हे अमेरिकी मासिक सप्टेंबर १९४४ मध्ये निघालं. आपलं मासिक नेमकं कोण वाचतं हे जाहिरातदारांना पटवायचं होतं, म्हणून लवकरच त्यांनी एक मोठी पाहणी करून घेतली. तिच्यातून 'टीना' नावाची एक काल्पनिक मुलगी उभी राहिली. शाळेत जाणारी, हातखर्चाला थोडे पैसे मिळणारी, आईच्या खरेदीवरही वजन असणारी. टीनाचं वय होतं सोळा आणि मासिकाचं नाव सतरा. या एका वर्षाच्या फरकाकडे सहसा कुणी लक्ष देत नाही. मला मात्र मुलींच्या मासिकांच्या मुखपृष्ठांची किल्ली तिथेच दिसते. मुखपृष्ठावरची मुलगी वाचणारीपेक्षा थोडीशी पुढे असावी लागते. फार पुढे गेली तर ती आईच्या मासिकातली बाई होते, बरोबरीची असली तर तिच्यासाठी पैसे कोण मोजणार? थोरल्या बहिणीचं कपाट उघडं दिसलं की धाकटी जशी आत डोकावते, तसं मुखपृष्ठाने बोलवायचं असतं.

त्याआधी ही जागा जवळपास रिकामी होती. 'टीनएजर' हा शब्दच १९४० च्या आसपास अमेरिकेत रुळू लागला होता. १९४१ मध्ये 'कॉलिंग ऑल गर्ल्स' निघालं होतं, पण ते अर्धं कॉमिक्स होतं आणि काढणारी संस्था पालकांसाठी मासिक चालवणारी. 'सेव्हन्टीन'च्या पहिल्या संपादक हेलन व्हॅलेंटाइन यांनी मुलीशीच थेट बोलायचं ठरवलं. प्रकाशक होते वॉल्टर ॲननबर्ग. महायुद्ध चालू, कागदाची टंचाई, तरीही पहिल्या अंकाच्या ४ लाख प्रती काही दिवसांत संपल्या, आणि १९४७ पर्यंत खप १० लाखांवर गेला.

आपल्याकडे १९३० पासून 'स्त्री' होतं, १९७१ मध्ये बालभारतीचं 'किशोर' आलं. मधल्या वयाच्या मुलीला या दोहोंच्या मधोमध कुठेतरी उभं राहावं लागे. तिच्या हातात पैसे नव्हते, हेच त्याचं मुख्य कारण असावं. मासिक निघायला वाचक असून भागत नाही, गिऱ्हाईक लागतं.

१९४७ मध्ये सिपी पिनेलेस 'सेव्हन्टीन'च्या कला-दिग्दर्शक झाल्या. व्हिएन्नात जन्मलेल्या या बाई त्याआधी मोठ्या फॅशन मासिकांत काम करून आल्या होत्या. मुलींचं मासिक म्हणजे गुलाबी फिती आणि फुलं, हे त्यांना मान्य नव्हतं. कथांच्या चित्रांसाठी त्यांनी बेन शान यांच्यासारख्या नावाजलेल्या चित्रकारांना बोलावलं, आणि मुलींना समजेल असं सोपं काहीतरी काढा, असं त्यांना सांगितलं नाही. त्याच सुमारास, १९४८ मध्ये, फ्रान्चेस्को स्काव्हुलो या तरुण छायाचित्रकाराने 'सेव्हन्टीन'चं मुखपृष्ठ केलं. पुढे तो फॅशन जगातला मोठा माणूस झाला. मासिकाचा आकार तेव्हा मोठा होता, शब्द कमी, मोकळी जागा भरपूर. आज ती मुखपृष्ठं पाहिली की वाटतं, वाचकाच्या बुद्धीवर एवढा विश्वास या धंद्याने नंतर क्वचितच टाकला.

ब्रिटनची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डी. सी. थॉमसन या प्रकाशनाने जानेवारी १९६४ मध्ये 'जॅकी' हे साप्ताहिक काढलं. ही वृत्तपत्रांबरोबर मुलांची कॉमिक्सही काढणारी मंडळी. नव्या अंकाला शिट्टी नाहीतर मुखवटा फुकट लावायचा, ही युक्ती त्यांनी १९३७-३८ मध्येच वापरली होती. 'जॅकी'च्या पहिल्या अंकासोबत अंगठी होती. खेळणं गेलं, दागिना आला! मुखपृष्ठावर काय छापलंय याइतकंच मुखपृष्ठाला काय चिकटवलंय हे महत्त्वाचं, ही रीत तिथे पक्की झाली. १९९४ मधलं 'शुगर' आणि १९९५ मधलं 'ब्लिस' यांच्या काळात तर ओठांना लावायचं ग्लॉस, छोटी पर्स, नेलपॉलिश अशा भेटींनी चित्राचा बराच भाग झाकलेला असे.

'जॅकी'चा खरा कणा होता पॉप गायक. एखाद्याचं मोठं पोस्टर तीन आठवड्यांत तुकड्यातुकड्यांनी द्यायचं, म्हणजे मुलगी पुढचे दोन अंक चुकवणार नाही. ऐन भरात, १९७६ च्या सुमारास, हे साप्ताहिक आठवड्याला ६ लाखांवर खपत होतं. दोन वर्षांनी बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या अभ्यासक अँजेला मॅकरॉबी यांनी त्याची चिरफाड केली. प्रेम, घरगुती जिव्हाळा, फॅशन आणि पॉप संगीत या चार चौकटींत मुलीचं सगळं आयुष्य बसवलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. पण बसमध्ये मैत्रिणींनी एकत्र बसून त्या अंकाची खिल्लीही उडवली असणारच. वाचणाऱ्या मुली एवढ्या भोळ्या नसतात. मॅकरॉबी यांनीही नंतरच्या लेखनात वाचकाच्या या बाजूकडे जास्त लक्ष दिलं.

आता थोडं मांडणीबद्दल. स्टॉलवर मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात, त्यामुळे बरेचदा डावीकडची पट्टी नाहीतर वरचा भागच दिसतो. म्हणून नाव वर, आणि सगळ्यात चटपटीत ओळ डावीकडे. चित्रातली मुलगी थेट तुमच्याकडे बघते. बघत नसेल तर ते मुखपृष्ठ संपादकाला बहुधा चालत नाही, कारण गर्दीत आपल्याकडे कुणी रोखून पाहिलं की पाय अडखळतातच. मोठ्या बायकांच्या फॅशन मासिकांत ओठ मिटलेले आणि नजर थंड असते. इथे दात दिसेपर्यंत हसू, कारण ताई आपल्यावर रागावलेली नको. मासिक जुनं आणि ओळखीचं असेल तर तिचे केस नावातली एकदोन अक्षरं खुशाल झाकतात. नवख्या मासिकाला ती चैन परवडत नाही. ओळींमध्ये 'तू' आणि 'तुझं', बाजूला एखादी प्रश्नावली, आणि आकडे. सुंदर दिसण्याचे कित्येक शे मार्ग एका अंकात! कोणी मोजून बघतं का कोण जाणे, पण मोठा आकडा म्हणजे पैसे वसूल, हा हिशेब कोणत्याही बाजारात चालतो. घरी टपालाने अंक मागवणारीला पटवावं लागत नाही, खरी लढाई असते ती स्टॉलवरच्या सुट्या विक्रीची. मुखपृष्ठांचा आरडाओरडा वाढत गेला तो तिच्यापायी.

ही थोरली बहीण बराच काळ एकाच रंगाची होती. काळ्या मुलींना 'सेव्हन्टीन'च्या मुखपृष्ठावर यायला दोन दशकांहून जास्त काळ थांबावं लागलं, आणि नंतरही त्या अधूनमधूनच दिसल्या. नोव्हेंबर १९८१ च्या मुखपृष्ठावर पुढे गायिका म्हणून गाजलेली व्हिटनी ह्यूस्टन आहे, तेव्हा ती मॉडेल होती. तिचा पहिला अल्बम यायला अजून तीन वर्षांहून थोडा जास्त काळ होता.

ताईपणाला पहिला जोरदार धक्का दिला 'सॅसी'ने. ऑस्ट्रेलियातल्या 'डॉली' मासिकाच्या धर्तीवर १९८८ मध्ये ते न्यूयॉर्कमधून निघालं. संपादक जेन प्रॅट अवघ्या चोविशीच्या. मासिकाचं नाव ब्रशने घाईत रंगवल्यासारखं, लेखिका पहिल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, भाषा वर्गातल्या मागच्या बाकावरची. लैंगिक विषयांवर सरळ लिहिलं म्हणून धार्मिक संघटनांनी जाहिरातदारांवर दबाव आणला आणि बऱ्याच जाहिराती गेल्या. एप्रिल १९९२ च्या मुखपृष्ठावर कर्ट कोबेन आणि कोर्टनी लव्ह हे रॉक गायकांचं विस्कटलेलं जोडपं होतं. मुरुमांवरच्या मलमाची जाहिरात यांच्याशेजारी कशी शोभणार? १९९४ मध्ये मासिक विकलं गेलं, नव्या मालकाने संपादकांचा सगळा चमू बदलला, आणि दोनेक वर्षांत नावही संपलं. त्याची आठवण काढणाऱ्या बायका मात्र अजून भेटतात.

पुढच्या दशकात मॉडेल मागे पडली आणि टीव्हीवरच्या नट्या-गायिका पुढे आल्या. १९९८ मध्ये 'टीन पीपल', १९९९ मध्ये 'कॉस्मोगर्ल', २००१ मध्ये 'एलगर्ल', २००३ मध्ये 'टीन व्होग'. मोठ्यांच्या मासिकांनी जणू आपापल्या धाकट्या बहिणींना दुकानात बसवलं. 'टीन व्होग'चा आकारही नेहमीपेक्षा लहान, पर्समध्ये मावेल एवढा. यातली बहुतेक टिकली नाहीत: 'टीन पीपल' आणि 'एलगर्ल' २००६ मध्ये थांबली, 'कॉस्मोगर्ल' २००८ मध्ये.

दरम्यान मुखपृष्ठावरचा चेहरा संगणकावर इतका घासूनपुसून गुळगुळीत झाला होता की ताई एका वर्षाने पुढे राहिलीच नव्हती, तिच्यापर्यंत पोचणंच अशक्य झालं होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या १४ वर्षांच्या एका मुलीने 'सेव्हन्टीन'ला उद्देशून ऑनलाइन अर्ज केला: महिन्यातून निदान एक छायाचित्र-मालिका तरी फेरफार न करता छापा. ८० हजारांहून जास्त सह्या झाल्या. मुलींच्या शरीराचा आणि चेहऱ्याचा आकार बदलणार नाही, अशी हमी संपादकांनी ऑगस्टच्या अंकात छापली. मागणी किती साधी होती, आणि तिच्यासाठी किती सह्या लागल्या!

'सेव्हन्टीन' २०१८ नंतर मुख्यतः पडद्यावर गेलं. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, 'टीन व्होग'चा शेवटचा नियमित छापील अंक निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर त्या अंकाच्या पाहुण्या संपादक होत्या: हिलरी क्लिंटन, वय ७०. त्यांचा जन्म ऑक्टोबर १९४७ चा, म्हणजे पिनेलेस 'सेव्हन्टीन'मध्ये आल्या त्याच वर्षीचा.