‘इंट्रो’पासून मीमपर्यंत : रॅगिंगच्या व्याख्येची पार्श्वभूमी

नागपूरच्या वसतिगृहात राहिलेल्याला ‘इंट्रो’, म्हणजे सीनिअरनी नव्या पोराची घेतलेली ‘ओळख’, समजावून सांगावा लागत नाही. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटनावर, हात मागे, प्रत्येक वाक्याला ‘सर’. हा छळच आहे, यावर आता फारसं दुमत नाही. घोडं अडतं ते बोलण्यापाशी: वर्गाच्या ग्रुपवरचं मीम, भिंतीवरची चारोळी, सीनिअरनी पाडलेलं टोपणनाव.

पूर्वी वॉर्डन दम द्यायचा, पालकांना बोलवायचा आणि प्रकरण तिथंच मिटायचं. १९९९ मध्ये महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा स्वतंत्र कायदा केला. खरा गुंता त्याच्या व्याख्येत आहे. ज्या बेशिस्त वर्तनाने विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा होते, भीती, लाज किंवा संकोच वाटतो, किंवा तसं होण्याची शक्यता असते, ते रॅगिंग. चिडवणं, शिवीगाळ, धमकी आणि थट्टामस्करी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. बंदी संस्थेच्या आवाराबाहेरही लागू आहे. वसतिगृहं आणि शिकवणी वर्गही कायद्याच्या कक्षेत येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्याला काढून टाकायचं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही.

यातला ‘संकोच’ हा शब्द फार पसरट आहे. शिवी लिहून घेता येते, धमकीला साक्षीदार मिळतो. संकोच मात्र ऐकणाऱ्याच्या मनात असतो. वादविवाद स्पर्धेत मुद्दा खोडला गेला तरी माणूस ओशाळतोच. बोलणाऱ्याचा हेतू काय होता, हे व्याख्या विचारत नाही.

वर मुदतीचा धाक. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्यात पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखच गुन्ह्याला साथ देणारा धरला जातो. मग भिडस्त प्राचार्य तक्रार दडपतो आणि घाबरलेला प्राचार्य प्रत्येक कागद ठाण्याकडे ढकलतो. पुराव्याचंही तसंच: कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आधीच्या दहा ओळी नसतात. दोन्ही फोनमधून, तारीख-वेळेसह अख्खं चॅट घेतलं नाही, तर महाविद्यालयाची चौकशी समिती अर्ध्या भांडणावर निकाल देते.

२००९ मध्ये हिमाचलात वैद्यकीयच्या विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला आणि त्याच वर्षी उच्च शिक्षणाचे देशव्यापी विनियम आले. विद्यार्थी आणि पालकांची प्रतिज्ञापत्रं तेव्हापासूनची. या विनियमांच्या २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, लिंग, रूप, भाषिक ओळख, राहण्याचं ठिकाण, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून केलेला मानसिक छळ आणि वाळीत टाकणंही रॅगिंगमध्ये घातलं. भंडारा-गडचिरोलीकडून आलेल्या पोराच्या झाडीबोलीची नक्कल करून ‘गंमत केली’ म्हणण्याची सोय त्यामुळे उरली नाही. आमच्या मते सगळ्यांत नेमकी दुरुस्ती हीच. शब्द कुणावर आणि कशामुळे रोखला आहे, हे ती पाहते.

राज्यघटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने दोन निकाल लक्षात घ्यावे लागतात. केरळातल्या तीन भावंडांना, राष्ट्रगीताला उभं राहूनही ते गात नाहीत म्हणून, शाळेने काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मूलभूत हक्कावरचा निर्बंध कायद्याने यावा लागतो, खात्याच्या परिपत्रकाने नाही, हे त्यातून पक्कं झालं. फलकावर ‘आक्षेपार्ह पोस्ट टाकू नये’ अशी नोटीस लावणाऱ्या सरकारी महाविद्यालयाने निदान एवढं वाचावं. २०१५ मध्ये ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं, कारण ‘त्रास’, ‘गैरसोय’ असले शब्द मोघम ठरले. निकाल रॅगिंगच्या कायद्यावर नव्हता, पण ‘संकोच’ त्यांच्याच पंगतीत बसणारा आहे.

१९९९ च्या कायद्यातली एक तरतूद मात्र सहसा विसरली जाते: तक्रारीत तथ्य नसेल, तर प्रमुखाने तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. त्या पत्रात कोणता शब्द, कुणाला उद्देशून, किती वेळा वापरला गेला हे नोंदलं, तर पुढच्या समितीला हाताशी काहीतरी राहतं. ‘तक्रार निकाली’ एवढ्या दोन शब्दांत ते राहत नाही.