लमूर, लुई

(२२ मार्च १९०८ – १० जून १९८८). अमेरिकन कथा-कादंबरीकार. वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरहद्दीवरच्या जीवनावरील) कादंबऱ्यांसाठी प्रसिद्ध. जन्म उत्तर डकोटातील जेम्सटाउन येथे. वडील गुरांचे डॉक्टर. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. पुढे शेतमजुरी, खाणकाम, बोटीवरील खलाशीगिरी आणि मुष्टियुद्ध यांवर त्याने पोट भरले. पश्चिम टेक्ससमध्ये मेलेल्या गुरांची कातडी सोलण्याचे काम करताना, लहानपणी अपाची या अमेरिकन आदिवासी टोळीने पळवून वाढवलेला एक म्हातारा त्याचा मालक होता आणि त्याच्याकडून आपण रानातले जगणे शिकलो, असे तो सांगे. त्याचे पहिले पुस्तक मात्र कवितांचे (१९३९).

त्याची पहिली कादंबरी कोणती, याबद्दल मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी ‘हॉन्डो’चे (१९५३) नाव येते. जुलै १९५२ मध्ये ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात त्याची एक लघुकथा आली. तिच्यावरून जेम्स एडवर्ड ग्रँट याने पटकथा लिहिली आणि त्या पटकथेवरून लमूरने ही कादंबरी केली. जॉन वेनची भूमिका असलेल्या याच नावाच्या चित्रपटाच्या कथेला ऑस्करचे नामांकनही मिळाले. परंतु कथा आधीच छापून आलेली असल्याने ती मूळ कथेसाठीच्या या गटात बसत नव्हती. लमूर व चित्रपटाचा निर्माता या दोघांनीही तसे कळवले व नामांकन मागे घेतले गेले. त्याचा प्रामाणिकपणा यातून दिसतो. तथापि ‘वेस्टवर्ड द टाइड’ लंडनहून १९५० मध्येच निघाली होती. शिवाय ‘टेक्स बर्न्स’ या टोपणनावाने त्याने हॉपलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या चार कादंबऱ्या लिहून दिल्या होत्या. क्लॅरेन्स मलफर्डने रंगवलेला मूळचा रांगडा कॅसिडी त्याला हवा होता, तर प्रकाशकांना पडद्यावरचा सौम्य. या कादंबऱ्या आपल्या आहेत हे तो पुढे अनेक वर्षे नाकारत राहिला. त्याच्या मृत्यूनंतर त्या त्याच्या नावाने निघाल्या. हे पाहता पहिलेपणाचा मान १९५० च्या कादंबरीला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

१९५५ पासून बँटम प्रकाशनासाठी तो वर्षाला साधारण तीन कादंबऱ्या लिहू लागला. सॅकेट या काल्पनिक घराण्याच्या सतरा कादंबऱ्या त्यांतल्याच. ‘वेस्टर्न’ हा शब्द त्याला रुचत नसे. आपण सरहद्दीच्या गोष्टी लिहितो, असे तो म्हणे. आपल्या कादंबरीत झरा आला तर तो त्या जागी खरोखर असतो आणि त्याचे पाणी पिण्याजोगे असते, हा त्याचा दावा प्रसिद्ध आहे. त्याची पात्रे पुष्कळदा एकाच साच्यातली वाटतात. वाट, पाणवठा, चाऱ्याची जागा यांचे वर्णन मात्र क्वचितच फसते, आणि वाचक त्याच्याकडे परत येतो तो मुख्यतः याच ओढीने.

मृत्यूसमयी त्याच्या नावावर ८९ कादंबऱ्या, १४ कथासंग्रह आणि दोन ललितेतर पुस्तके होती. खपाचे आकडे वेगवेगळे दिले जातात. त्या वेळी ते वीस कोटी प्रतींच्या आसपास असावेत. १९८४ मध्ये त्याला ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ मिळाले. ‘एज्युकेशन ऑफ अ वाँडरिंग मॅन’ हे आत्मकथन मृत्यूनंतर १९८९ मध्ये आले. शाळा सोडलेल्या या माणसाने १९३० च्या दशकात वर्षावर्षाला वाचलेल्या पुस्तकांच्या याद्या या पुस्तकाच्या अखेरीस छापल्या आहेत.