पुण्यातले सायकल ट्रॅक : मागणी कुठली होती, काम कुठलं झालं

सायकल आराखडा, पादचारी धोरण, पार्किंग धोरण हे शब्द पुण्याच्या बातम्यांत वरचेवर येतात आणि दर वेळी विषय जणू आजच निघाला असावा अशी चर्चा होते. प्रत्यक्षात स्वयंसेवी गट आणि महापालिका यांच्यातलं हे बोलणं, आणि त्यातलं बरंचसं भांडण, वीस वर्षं चालू आहे. २००६ ते २०१८ या काळात महत्त्वाचे बहुतेक निर्णय झाले आणि बहुतेक संधीही त्याच काळात हुकल्या, म्हणून या टिपणाचा भर त्या वर्षांवर आहे.

आधीचं थोडक्यात. जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर शहर नदीकाठच्या पेठांमधून बाहेर सरकलं. पुढच्या काळात पिंपरी-चिंचवड आणि हडपसरकडे कारखाने वाढले, घर आणि काम यांतलं अंतर लांबलं. तरी पाळी सुटल्यावर रस्ता सायकलींनीच भरायचा. सायकलीवर कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट दिसलं की पोलीस अडवत. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं पेठापेठांत होती. १९७२ साली लुना ही मोपेड आली, पुढे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याची गरज उरली नाही, आणि मग मोटारसायकली आल्या. शहराच्या वाढीबरोबर बससेवा मात्र वाढली नाही. एकेरी वाहतुकीचे रस्ते वाढले तसा गाड्यांचा वेग वाढला आणि सायकलवाल्याच्या वाट्याला वळसे आले. लोकांनी सायकल सोडली त्यात सोयीचा भाग होता, पण भीतीचाही तितकाच होता. पुढच्या सगळ्या प्रयत्नांचं मूळ या भीतीत आहे.

सुरुवातीचे स्वयंसेवक पर्यावरणाच्या बाजूने या विषयाकडे आले: धूर, आवाज, रस्तारुंदीत जाणारी झाडं. पत्रं लिहायची, रविवारी फेरी काढायची, वर्तमानपत्रात टिपण छापून आणायचं असं काम चाले. महापालिकेच्या तिजोरीत या कामासाठी पैसे नव्हते आणि आतली कागदपत्रं मिळवण्याचा मार्गही नव्हता.

दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी बदलल्या. २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा आला. त्याच वर्षाच्या शेवटी केंद्राने शहरांच्या कामांना पैसा देणारं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं आणि २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर झालं. रस्त्याची जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशोबाने वाटावी, हे या धोरणात सरकारनेच लिहून ठेवलं होतं. केंद्राचा पैसा हवा तर बस, पदपथ आणि सायकल यांचा विचार आराखड्यात दिसणं भाग होतं. पुण्याने बीआरटी, म्हणजे बससाठी रस्त्यात वेगळी मार्गिका ठेवणारी योजना, घेतली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा देशातला पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकल ट्रॅक बांधले गेले.

इथे जो निर्णय झाला त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. ट्रॅक रस्त्याच्या पातळीवर, डांबरी पृष्ठभागावर, दुभाजक घालून वेगळा काढायचा, की वर उचलून पदपथाला लागून ठेवायचा? महापालिकेने अनेक ठिकाणी दुसरा मार्ग निवडला. अभियंत्यांची बाजू अशी होती की ट्रॅक रस्त्याच्या पातळीवर ठेवला तर रिक्षा आणि दुचाक्या त्यात शिरतील, आणि पावसाळी पाण्याचा निचरा नव्याने करावा लागेल. या दोन्ही अडचणी खऱ्या होत्या. पण वर उचललेल्या ट्रॅकवर काय झालं ते सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने भोगलं आहे. ट्रॅक पेव्हर ब्लॉकचा झाला, ब्लॉक खचले. प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी आणि पेट्रोल पंपाशी उतार-चढ आला. विजेचे फीडर पिलर (वीजवाटपाच्या पेट्या), झाडं, बसथांबे जिथल्या तिथे राहिले. दुचाक्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवले, ते इतके जवळ की भाजीची पाटी किंवा दुधाचे कॅन लावलेली सायकलही आत जाईना. आणि ट्रॅक चौकाच्या अलीकडेच संपायचा. सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका चौकात असतो, नेमक्या त्या जागी त्याला गाड्यांच्या गर्दीत उतरवलं जात होतं.

स्वयंसेवकांमध्येही एकमत नव्हतं, हे सहसा सांगितलं जात नाही. पहाटे लांब पल्ल्याच्या राइडला जाणाऱ्यांना ट्रॅकच नको होता. ट्रॅक झाला की रस्त्यावरचा आपला हक्क जाईल अशी त्यांना धास्ती होती. पायी चालणाऱ्यांच्या बाजूने काम करणाऱ्यांचं म्हणणं की ट्रॅकच्या नावाखाली पदपथ कापला जातोय, आणि अनेक ठिकाणी ते खरंही होतं. तिसरा गट म्हणत होता, आधी गाड्यांचा वेग कमी करा. गल्लीबोळात तर वेगळ्या ट्रॅकची गरजच नाही, गतिरोधक आणि अरुंद वळणं पुरतील. माझ्या मते तिसऱ्या गटाचं निदान सगळ्यात अचूक होतं, पण त्यांची मागणी किलोमीटरमध्ये मोजता येत नव्हती. निविदा काढता येते ट्रॅकची, उद्घाटन होतं ट्रॅकचं. म्हणून कागदावर ट्रॅकची लांबी वाढत गेली आणि वेगाचा प्रश्न बाजूला राहिला.

महापालिकेच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद सतत यायचा: सायकली आहेतच किती? त्याचंही मूळ जुनं आहे. रस्त्यांची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचं सायकल मार्गांबद्दलचं मानक १९६२ सालचं. गर्दीच्या तासाला किती सायकली आणि किती मोटारी जातात यावर त्यात ट्रॅकची गरज ठरवली होती. मोटारी तासाला २०० च्या वर असतील तर १०० सायकलींसाठीही वेगळा ट्रॅक समर्थनीय मानला होता. त्या काळी हे उदार माप होतं. पण धोक्यामुळे सायकली कमी झालेल्या शहरात याच मापाचा अर्थ उलटा लागतो: रस्ता जितका जीवघेणा, तितक्या सायकली कमी, आणि तितकी ट्रॅकची गरज कमी. हे मानक सुधारून नव्याने निघायला २०१५ साल उजाडलं. तोवर स्वयंसेवक चौकांत उभे राहून हाताने मोजणी करत होते, आणि तीही सकाळी साडेदहाला नाही. रखवालदार, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं, घरकामाला जाणाऱ्या बायका पहाटे आणि उशिरा रात्री सायकलीवर असतात. कार्यालयीन वेळेच्या सर्वेक्षणात ही माणसं दिसत नाहीत, आणि ट्रॅकची खरी गरज त्यांनाच आहे.

याच वर्षांत कामाची पद्धत बदलली. हातात टेप घेऊन पदपथ मोजायचा, मोकळी रुंदी १.८ मीटर भरते का ते लिहायचं, फोटो जोडून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारायचं. २००६-०७ पासून पुण्यात अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत सुरू झाली. त्या फॉर्मवर सायकल स्टँड, उतार, झेब्रा पट्टे अशी छोटी कामं मंजूर करून घेता येऊ लागली. मंजुरी मिळाली तरी काम व्हायचंच असं नाही. वर्षअखेरीस वर्गीकरणाचा प्रस्ताव येतो आणि तरतूद दुसऱ्या कामाकडे जाते. हे वर्गीकरणाचे प्रस्ताव ओळीन् ओळ वाचणारी माणसं या चळवळीने तयार केली. फेऱ्यांचे फोटो छापून आले, पण खरा फरक या कंटाळवाण्या वाचनाने पडला.

त्याचं फळ २०१६ नंतर दिसलं. त्या वर्षी महापालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं आणि रस्त्यांच्या रचनेसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. जंगली महाराज रस्त्यावर आणि औंधमध्ये रुंद पदपथ झाले. पुण्यातही हे जमतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. सायकल आराखड्याचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला आणि डिसेंबर २०१७ मध्ये, विरोध होत असताना, मुख्य सभेने, म्हणजे महापालिकेतल्या सगळ्या नगरसेवकांच्या सभेने, तो मंजूर केला. ८०० किलोमीटरहून मोठं जाळं आणि ३३५ कोटींच्या घरातला खर्च, असं त्याचं स्वरूप होतं. विरोधकांनी आधीच्या ट्रॅकची दुर्दशा पुढे केली. ती खरीच होती, पण आराखड्यात ट्रॅकपलीकडेही पुष्कळ होतं: लहान रस्त्यांवर वेग कमी करून मिश्र वाहतूक, चौकांची रचना, सायकल ठेवायला जागा. म्हणजे तिसऱ्या गटाचं म्हणणं पहिल्यांदा अधिकृत कागदावर आलं होतं.

त्याच महिन्यात भाड्याच्या सायकलींची योजना विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये सुरू झाली. पिवळ्या, केशरी सायकली काही महिने सगळीकडे दिसल्या. मग मोडतोड, चोऱ्या, कंपन्यांच्या आर्थिक अडचणी, आणि दोनेक वर्षांत त्या बहुतेक नाहीशा झाल्या. या अपयशाचं खापर आजही सायकलींवर फोडलं जातं. तो व्यवहार खासगी गुंतवणुकीवर चालणाऱ्या कंपन्यांचा होता, आराखड्यातल्या रस्त्यांचं काम त्याच्याशी बांधलेलं नव्हतं. दोन्ही एकत्र जाहीर झाल्यामुळे एकाचा डाग दुसऱ्याला लागला.

खरा घाव पार्किंग धोरणाने घातला. ट्रॅकला जागा लागते आणि ती रस्त्यावर फुकट उभ्या असलेल्या गाड्यांखाली आहे. २०१८ मध्ये आरटीओच्या नोंदीतल्या पुण्यातल्या गाड्या ३६ लाखांवर गेल्या होत्या, म्हणजे शहराच्या लोकसंख्येपेक्षाही जास्त. त्याच वर्षी मार्चमध्ये रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावणारं धोरण मुख्य सभेपुढे आलं. आंदोलनं झाली, पक्षांनी भूमिका बदलल्या आणि शेवटी धोरण पाच रस्त्यांपुरतं प्रायोगिक म्हणून मंजूर झालं. पुढची कित्येक वर्षं ते त्या पाच रस्त्यांवरही लागू झालं नाही. सायकल आराखडा तिथेच अडला, असं माझं मत आहे. पैशाअभावी अडला असं म्हणणाऱ्यांनी त्याच वर्षांतल्या उड्डाणपुलांच्या तरतुदी पाहाव्यात.

त्यानंतरच्या घडामोडी तुकड्यातुकड्यांच्या आहेत. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत कलम १९८अ आलं: रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकाप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. मेट्रोच्या कामांसाठी रस्ते पुन्हा खणले गेले. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता एक दिवस गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला आणि तो पुढेही दरवर्षी होत राहिला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाचा दीर्घ काळ सुरू झाला. मुख्य सभाच नसल्याने जाब विचारायची एक जागा गेली. त्याच काळात नगर रस्त्यावरच्या बीआरटीचा काही भाग काढून टाकण्यात आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित पदपथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं, आणि तो आदेश आता क्षेत्रीय कार्यालयातल्या कुठल्याही अर्जाला जोडता येतो.

सायकलींसाठी इतका थेट आदेश नाही. पण २०१७ चा आराखडा मुख्य सभेने मंजूर केलेला आहे, त्यासाठी नव्या ठरावाची गरज नाही. म्हणून कुठल्याही रस्त्याच्या पुनर्रचनेची निविदा निघाली की पहिली मागणी हीच करायला हवी, की त्या रस्त्याबद्दल आराखड्यात काय लिहिलंय ते नकाशाशेजारी ठेवा आणि ते गाळलं असेल तर का गाळलं, हे लेखी द्या.